छत्री कुणाची, टेस्ट कुठली

...नाही, पण मला एक सांगा, हसण्याचा पुरावा मागतं का हो कोणी? रडण्याचा मागितला तर एक वेळ समजू शकतो, सीरियलमध्ये बघतोच आपण, ग्लिसरीन घालून रडतात. पण सकाळी सात वाजता साठीपुढची वीसेक माणसं हात वर करून हो-हो-हा-हा करतायत, कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत, त्यांना जाऊन कोणी असं म्हणतं का, की काका, हे जे तुम्ही हसताय ना, त्याने फरक पडतो हे आकड्यांनी सिद्ध करा? आम्हाला म्हणाले! तोंडावर म्हणाले! आणि आम्ही गाढव, तुम्हाला सांगतो, सिद्ध करायला निघालो! मी! ज्याने एसएससीला गणितात पस्तीस पडले म्हणून मारुतीला नारळ फोडला होता, तो मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सगळ्या दहिसरभर एकच प्रश्न विचारत फिरत होतो... टेस्ट कुठली लावायची? मेडिकलवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "उपाशीपोटी की जेवून?" अरे बाबा, रक्ताची नाही रे! स्टॅटिस्टिक्सची! दोन गट आहेत, दोघांचे आकडे आहेत, दोघांत खरंच फरक आहे की आपल्याला उगाच वाटतोय, ते ठरवायची टेस्ट! तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्या गोळ्या संपल्यात का?"

थांबा, पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूने व्हाल.

आम्ही राहतो चेक नाक्याच्या अलीकडे. पूर्वी तिथे आमची कोकणरत्न चाळ होती, आता तिथे कोकणरत्न हाइट्स आहे. बिल्डरने नाव तेच ठेवलं, फक्त हाइट वाढवली. चार विंगा, मध्ये एक गार्डन, आणि गार्डनच्या मधोमध एक छत्री. छत्री म्हणजे हातातली नाही हो, बांधलेली. ब्रोशरमध्ये तिला गझीबो म्हटलं होतं, पण आमच्याकडे गझीबो म्हणायला जीभ कोणाची वळते? वर छप्पर, खाली लादी, कडेने बसायला कट्टा आणि धरायला दांडी. अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये म्हाताऱ्या माणसाने टेकावं अशी ही एकच जागा. बाकी सगळं लँडस्केप. लँडस्केप म्हणजे काय, तर ज्याच्यावर बसलं की वॉचमन शिट्टी मारतो ते.

तर सकाळी सातला या छत्रीत आमचा हास्यक्लब. मी त्याचा हास्यप्रमुख... हसू नका. म्हणजे हसा, पण मी सांगेन तेव्हा हसा. आणि सकाळी सातलाच, त्याच छत्रीत, एमिलियाबाईंचा योगवर्ग! बाई मूळच्या गोराईच्या, जन्म शाळेत गेला, हेडमिस्ट्रेस होत्या, मराठी तुमच्या-आमच्यापेक्षा शुद्ध. रिटायर झाल्या, पण शाळा काही अंगातून गेली नाही. मधोमध खडूची रेघ मारलेली, रेघेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे त्या. आणि घोळ काय व्हायचा, तर त्यांचं शवासन आणि आमचं सिंहहास्य बरोबर एकाच मुहूर्तावर यायचं. तिकडे बाई हळू आवाजात, "डोळे मिटा... शरीर सैल सोडा... तुम्ही शांत समुद्रकिनारी आहात..." आणि इकडे आम्ही जीभ बाहेर काढून, आऽऽहाहाहाहा! समुद्रकिनाऱ्यावरची निम्मी माणसं दचकून उठून बसायची. मग बाई माझ्याकडे वळायच्या, "सुबोध! हे हसणं आहे की दंगा?" असा आवाज लावायच्या, तुम्हाला सांगतो, मी आपोआप अंगठे धरायला वाकायचो.

झालं, प्रकरण गेलं चारही विंगांच्या फेडरेशनकडे. फेडरेशनचा चेअरमन कोण? देवेशभाऊ. गेटवर बॅनर बघितला असेल तुम्ही, हात जोडलेला, गॉगलवाला, खाली लिहिलंय 'भावी नगरसेवक'. गणपती आले गेले, दिवाळी आली गेली, वाढदिवस झाला, बॅनर तोच, भाऊ भावी ते भावीच. आता इतकी वर्षं भावी राहायलासुद्धा चिकाटी लागते म्हणा! तर भाऊंनी मिटिंग घेतली आणि म्हणाले, "काका, बाई, मला तुम्ही दोघंही सेम आहात. पण मी इमोशनल डिसिजन घेत नाही, मी सायंटिफिक माणूस आहे. ज्या ग्रुपमुळे हेल्थला जास्त फायदा, छत्री त्यांची. सगळ्यांचं बीपी मोजा, डेटा आणा, फरक दाखवा, आणि छत्री घेऊन जा!" मागून कार्यकर्ते, "भाऊ, एक नंबर!" आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंनी! त्यांना वाटलं आपण जिंकणार, आम्हाला वाटलं आपण. सुशिक्षितांची सोसायटी ना ही, नुसतं 'डेटा' म्हटलं की माना डोलतात.

खरं सांगू? मला एकट्याला छत्री सोडायला काही वाटलं नसतं. हसायला काय, माणूस कुठेही उभा राहून हसतो. पण आमच्यात लवूआबा आहेत. ऐंशी कधीच ओलांडलीय, गिरणीत होते, म्हातारी गेली त्यालाही आता बराच काळ झाला. त्यांना ती छत्रीची दांडी लागते. एका हाताने दांडी धरायची, दुसरा हात वर करायचा आणि हसायचं... आवाज येतच नाही, नुसते खांदे हलतात. त्या मिटिंगनंतर लिफ्टपाशी त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, "सुबोध, छत्री सोडू नको हां. घराक माझ्याशी कोण बोलता रे? झील मोबायलात, सून हापिसात, नातू कानात बोंडा घालून. हंयसर येवन घटकाभर हसतंय, तेवढाच बरा वाटता." आता बोला! मी म्हटलं, आबा, छत्री जात नाही, सुबोधचा शब्द आहे. दिला शब्द! शब्द द्यायला काय, तोंड उघडलं की पडतो.

शब्द दिला, पण टेस्ट कुठली लावायची?

म्हणून फोन लावला गंधालीला. गंधाली माझी पुतणी, स्टॅटिस्टिक्समध्ये एमेस्सी, अंधेरीला एका ऑफिसात औषधांचे आकडे तपासते, म्हणजे हे नवं औषध चालतं की जुनंच बरं होतं, ते. म्हटलं, "गंधाली बाळा, पाच मिनिटांचं काम आहे. दोन गट आहेत, बीपी आहे, टेस्ट कुठली लावायची तेवढं सांग आणि फोन ठेव." तुम्हाला सांगतो, पलीकडून असा काही लांब श्वास सुटला, की बाईंनी प्राणायामाच्या वर्गाला रेकॉर्ड करून ऐकवावा. म्हणाली, "काका, टेस्ट लावायला पाच मिनिटंच लागतात. कुठली लावायची ते ठरवायला मला तिथे यावं लागेल."

आली रविवारी. छत्रीत सगळे जमले, रेघेच्या अलीकडे-पलीकडे, जसं काही लग्न ठरवायला बसलोय. तिने पहिला प्रश्न टाकला, "दोन्ही गटांत माणसं वेगवेगळी आहेत ना?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला, वेगवेगळीच असणार... आणि मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या अनंताकडे. हा अनंत म्हणजे विमा कंपनीतून रिटायर झालेला माणूस. पहिला अर्धा तास बाईंकडे ताडासन करतो, मग सावकाश रेघ ओलांडून आमच्याकडे हसायला येतो. का? तर योगवाले अर्ध्या तासाने काढा देतात आणि आमच्याकडे चहा असतो! काढ्याचं तोंड चहाने गोड करतो! गंधाली म्हणाली, "हे दोन्ही सॅम्पलमध्ये कसे काय?" तर अनंत छाती काढून म्हणतो, "मी सर्वसमावेशक आहे." ती म्हणाली, "काका, वेगळी माणसं असतील तर एक टेस्ट, तीच माणसं आधी आणि नंतर मोजली तर दुसरी टेस्ट, आणि अनंतकाका असतील तर देवाचा धावा." आणि काढलं त्याला! दोन्हीकडून! अनंत एवढा दुखावला, दोन दिवस फक्त काढाच प्यायला.

दुसरा प्रश्न, आकडे कसे पसरलेत? आता आमच्यात एक गृहस्थ आहेत, नाव घेत नाही, समोर बसलेले असायचे, पण त्यांचं वरचं बीपी कायम एकशे नव्वद. सुनेचा फोन आला की दोनशे. गंधाली म्हणाली, "मग टी-टेस्ट नको. ती सरासरी धरून चालते, आणि एवढ्याशा गटात असा एक माणूस असला की तो एकटा सगळ्यांची सरासरी ओढून नेतो." हे मात्र आम्हाला पटलं, कारण ते गृहस्थ एरवीसुद्धा सगळ्या क्लबला ओढूनच नेत असतात. "त्यापेक्षा असं करू," ती म्हणाली, "दोन्ही गटांना एकाच रांगेत उभं करू. सगळ्यात कमी बीपीवाला पुढे, सगळ्यात जास्तवाला शेवटी. मग बघायचं, रांगेत पुढे कुठल्या गटाची माणसं जास्त आहेत. एकशे नव्वदवाले शेवटी उभे राहिले की त्यांचा उपद्रव संपला." रांग! आता मुंबईच्या माणसाला रांग समजवावी लागते का? रॉकेलपासून लसीपर्यंत आयुष्य रांगेत गेलंय. मी म्हटलं, झकास, नाव काय या टेस्टचं? म्हणाली, मॅन-व्हिटनी. मागून लवूआबांचा आवाज आला, "ह्यो व्हिटनी खंयच्या विंगेत रवता?"

एवढ्यात एमिलियाबाईंनी हात वर केला. हेडमिस्ट्रेस असल्या तरी शिस्त म्हणजे शिस्त. "गंधाली, मी वाचून आले आहे. टेस्टला शेपट्या असतात, एक किंवा दोन. आम्हाला एकपुच्छ टेस्ट हवी." एकपुच्छ! बाईंच्या तोंडून! लोक एकमेकांच्या मागे बघायला लागले. गंधाली म्हणाली, "एका शेपटीची म्हणजे फक्त एवढंच बघायचं, की योगवाल्यांचं बीपी कमी आहे का. दोन शेपट्यांची म्हणजे दोघांपैकी कोणाचंही कमी निघू शकतं, हे मान्य करून बघायचं." बाई म्हणाल्या, "योगवाल्यांचंच कमी असणार. दुसऱ्या शक्यतेचा विचार कशाला करायचा?" म्हणजे बघा, पेपर तपासायच्या आधीच पहिला नंबर काढून मोकळ्या! मी उठलो, म्हटलं, बाई, आमची शेपटी कापायची नाही! मग तिकडून कोणीतरी म्हणालं, तुम्हालाच असते शेपटी, इकडून कोणीतरी म्हणालं, तरीच आम्ही चढावं म्हणून सकाळी झाडासारखे उभे राहता, आणि वीस मिनिटं, तुम्हाला सांगतो, चाळिशीपन्नाशीच्या पोरी-सुना वरच्या बाल्कन्यांतून बघतायत आणि आम्ही सगळे ज्येष्ठ नागरिक शेपटीवरून भांडतोय!

शेवटी गंधालीने बजावलं, "दोन शेपट्या. रांगेची टेस्ट. आणि ऐका सगळ्यांनी, टेस्ट आज ठरली म्हणजे ठरली. आकडे बघितल्यावर ती बदलायची नाही. नाहीतर आकडे तुम्हाला हवं ते बोलतात." मी आणि बाईंनी सगळ्यांदेखत हो म्हटलं. गंधाली गेली. सगळं सांगून गेली, एकच सांगायचं राहिलं, मोजायचं कधी. तिला वाटलं असेल, एवढी अक्कल असेल यांना.

आम्ही मोजलं कधी? वर्ग संपल्यावर! हवेत हात वर करून, जीभ बाहेर काढून, शेवटचं सिंहहास्य ठोकलं, धापा टाकत बसलो, आणि लगेच पट्टा दंडाला! आणि ते? शवासनातून उठवलेले! अर्धे तर उठलेच नव्हते, घोरणाऱ्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला त्यांनी! आमचे आकडे बघून मशीनने स्वतःच दोनदा एरर दाखवला. रांग लावली तर पुढचे सगळे योगवाले, मागचे सगळे आम्ही, अगदी राजधानी आणि मालगाडी. लवूआबांनी विचारलं, "काय झाला?" मी म्हटलं, काही नाही आबा, मशीन खराब आहे.

आणि मग उगवला अनंत. दोन्ही गटांनी काढल्यावर तो स्वतःला तटस्थ निरीक्षक म्हणवून घेत होता. मला कोपऱ्यात घेतलं, "सुब्या, घाबरतोस काय? टेस्ट एकच असते का? मोबाइलवर अ‍ॅप आहे, त्यात पन्नास टेस्ट आहेत, आपल्याला झेपेल ती लावू." आणि कट्ट्यावर बसून सुरू झाला की हो! ही लावली, "नाही, यात हरतोय." ती लावली, "यातही हरतोय, पण कमी." मग म्हणतो, "पेअर्ड लावतो, जोड्या लावून." मी म्हटलं, अरे, जोड्या कशा लावणार, माणसं वेगळी आहेत! तर म्हणतो, "नावाच्या पहिल्या अक्षरावरून लावल्या." आणि अक्षर कुठे जुळलं नाही तिथे उरलेल्यांच्या जोड्या! माझी जोडी एमिलियाबाईंबरोबर! या वयात! घरी कळलं असतं तर माझ्या बीपीला कुठलीच टेस्ट पुरली नसती. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मी त्याला थांबवलं का? नाही थांबवलं. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, बघ अजून एखादी मिळते का.

कळलं गंधालीला. कसं कळलं? अनंताने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'हास्यक्लबची सरशी', खाली तीन फटाके. ती ऑफिसमधून तशीच आली. काय झापलं हो आम्हाला! "टेस्ट म्हणजे साडीचं दुकान आहे का, मनात भरेपर्यंत उलगडत बसायला? पन्नास टेस्ट लावल्या तर एखादी चुकून हो म्हणणारच! आणि हसून हसून लगेच बीपी मोजायला कोणी सांगितलं होतं? आणि झोपलेल्या माणसांचं? तुम्ही हास्य आणि योग नाही मोजलंत, तुम्ही दमलेली माणसं आणि झोपलेली माणसं मोजलीत! आकडेच असे गोळा केल्यावर कुठलीही टेस्ट लावा, काय होणार?" बाईंनी मान खाली घातली. हेडमिस्ट्रेसने! मला जरा बरं वाटलं, वर्गात एकटंच अंगठे धरून उभं राहायला नको.

मग ठरलं, पुन्हा मोजायचं. पुढच्या रविवारी, वर्ग सुरू व्हायच्या आधी, दोन्ही गटांनी कट्ट्यावर शांत बसायचं आणि एकाच मशीनवर मोजायचं. आता यात काय चूक होणार, सांगा? होणार! आम्ही कोकणातली माणसं आणि ते गोराईचे, वसईचे, म्हणजे दोन्हीकडे घरात सुकी मासळी. मीठ! बीपीचा मुख्य आरोपी! त्या आठवड्यात माझ्या घरी मी सुकट बंद केली, खारा बांगडा बंद, लोणचं बंद, पापड बंद. बायको म्हणाली, कोण वारलं? आणि बीपीची गोळी, जी एरवी आठवली तर घ्यायची, नाही आठवली तर देवाची मर्जी, ती मी रोज सकाळी घड्याळ लावून घ्यायला लागलो. मला वाटलं, ही आयडिया आपल्याला एकट्यालाच सुचली. मी आमच्या क्लबमध्ये प्रत्येकाच्या कानात सांगितली. आणि नंतर मेडिकलवाला भेटला, म्हणतो, "काका, तुमच्या बिल्डिंगला झालंय काय? बीपीच्या गोळ्यांचा स्टॉक संपला! एमिलियाबाई तर सगळ्यांच्या एकत्र घेऊन गेल्या." म्हणजे बाईंनीसुद्धा! तिकडे वसईच्या माणसांनी सुके बोंबील सोडले होते हो! सुके बोंबील! एवढा त्याग तर ते ईस्टरआधी लेंटच्या उपासांतसुद्धा करत नाहीत!

झालं, रविवारी मोजलं. आयुष्यात प्रथमच सगळ्या बिल्डिंगचं बीपी नॉर्मल! ते एकशे नव्वदवालेसुद्धा माणसांत आले होते. गंधालीने रांग लावली, एक योग, एक हास्य, दोन हास्य, एक योग... सगळी मिसळ. रांगेत कोणीच पुढे नाही, कोणीच मागे नाही. देवेशभाऊ गॉगल डोक्यावर चढवून उभे. गंधाली म्हणाली, "या आकड्यांत फरक दिसला नाही. पण याचा अर्थ फरक नाहीच, असं सिद्ध झालं असा होत नाही. माणसं थोडी आहेत, आणि आठवडाभर सगळ्यांनीच गोळ्या खाल्ल्यात. चष्मा न लावता किल्ली शोधली आणि सापडली नाही, म्हणजे घरात किल्लीच नाही असं म्हणाल का?" भाऊ म्हणाले, "ताई, सिंपल मराठीत सांगा. फरक आहे?" "दिसला नाही, पण..." "नाही ना? बस्स!" "अहो, पण..." "ताई, पण नको, इश्यू नको." आणि आमच्याकडे वळून, हात जोडून, बॅनरवर असतो तस्सा चेहरा करून, "काका, बाई, सायन्स बोललंय. तुम्ही हसलात काय, तुम्ही झोपलात काय, सेमच आहे. फरक नाही. फरकच नाही तर छत्री दोघांपैकी कोणालाच कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही गेलो, आपलं सवयीने. कट्टा फोडलेला. दांडी कापलेली. आणि छत्रीच्या मधोमध माणसाएवढी स्टीलची अक्षरं, 'आय लव्ह कोकणरत्न', लव्हच्या जागी लाल बदाम, आत लाइट, आणि खाली देवेशभाऊंचा फोटो. सेल्फी पॉइंट! भोवती दोरी. आमच्याच लादीवर आम्हाला दोरी! एक वेल्डिंगवाला शेवटचं अक्षर घासत बसला होता. मी म्हटलं, काय रे, एवढी अक्षरं एका दिवसात केलीस? तो म्हणतो, "नाही हो काका, ऑर्डर तर मागच्या महिन्यातलीच आहे." मागच्या महिन्यातली! आणि आमची मिटिंग चालू महिन्यातली, म्हणजे ऑर्डर मिटिंगच्या आधीची! आलं लक्षात? इथे आम्ही भांडतोय, आकडे आधी की टेस्ट आधी, एक शेपटी की दोन, आणि त्या माणसाने निकालच आधी ठरवला होता! गंधालीच्या पुस्तकात या टेस्टला नावच नाही. एमिलियाबाई त्या बदामाकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं आता ओरडणार. नुसतं म्हणाल्या, "सुबोध, आपण काय शिकलो रे इतकी वर्षं?"

आता आम्ही कुठे? पार्किंगमध्ये. दुसऱ्या मजल्याच्या पार्किंगमध्ये, योग आणि हास्य एकत्र, रेघ नाही, बीघ नाही. बाई म्हणतात, "तुम्ही शांत समुद्रकिनारी आहात," आणि मागून गाडी रिव्हर्स येते, टुंई टुंई टुंई, की समुद्रकिनारा उचलून खांबाला चिकटतो. लवूआबा आले दोन दिवस. धरायला काही नाही, म्हणून एका गाडीचा आरसा धरला, एक हात वर केला, खांदे हलले आणि गाडीचा अलार्म वाजला. मालक खाली उतरला, तोंडाला येईल ते बोलला. तिसऱ्या दिवसापासून आबा यायचे बंद झाले. मी गेलो घरी. गॅलरीत बसले होते. म्हणाले, "थंय धरूक काय नाय रे, सुबोध." एवढंच. रागावले नाहीत, शब्दाची आठवण करून दिली नाही, वर मलाच म्हणाले, चाय घे. मला वाईट वाटलं हो. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं. एखाद्याने शिव्या घातल्या तर माणूस परत शिव्या घालतो, पण चहा दिल्यावर काय करायचं?

म्हणून मी आणि एमिलियाबाई, आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूने, एकत्र बसलो. ठरवलं, छत्री परत हवी असेल तर चेअरमन बदलायचा. फेडरेशनची निवडणूक पुढच्या महिन्यात आहेच. देवेशभाऊ उभे आहेत, त्यांच्याविरुद्ध कोण? तर मिहिरशेठ. देवेशभाऊंचा सख्खा मेहुणा. दोघांचं जमत नाही, असं दोघंही सगळ्यांना सांगतात. गेलो त्याच्याकडे. म्हटलं, मिहिरशेठ, आमची सगळी मतं तुम्हाला, फक्त छत्री परत द्या, कट्टा आणि दांडी, बाकी काही नको. तो उठून उभा राहिला, माझे पाय धरले, "काका! सेल्फी पॉइंट शंभर टक्के काढणार, माझा शब्द आहे! शोभतं का ते? ज्येष्ठांचा अपमान आहे तो!" माझे डोळे भरून आले. मागे कार्यकर्ते, "शेठ, एक नंबर!" आणि मग मला खांद्याला धरून दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तिथे आपण कॉफी काउंटर टाकतोय. ज्येष्ठांना दहा टक्के सूट."

घरी आलो, गंधालीला फोन लावला. म्हटलं, बाळा, पुन्हा दोन गट आहेत. एक देवेश, एक मिहिर. दोघांत काही फरक आहे का, ते मतदानाच्या आधी बघायचंय, टेस्ट कुठली लावायची? तुम्हाला सांगतो, या वेळी तिने श्वाससुद्धा सोडला नाही. म्हणाली...

"कुठलीही लावा, काका."